घनतेच्या आकड्यापलीकडे : तारापूरच्या संदर्भात चूर्ण धातुविज्ञानातील संशोधनाचे परीक्षण

चूर्ण धातुविज्ञान व उच्च कार्यक्षम मिश्रधातू या विषयांवरील निबंधांची संख्या गेल्या दोन दशकांत फार वाढली आहे. या वाढीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि निबंधांची वाढ म्हणजे ज्ञानाची वाढ असे समीकरण मांडण्यापूर्वी त्यांचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात ही कसोटी पुस्तकातून न घेता पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे प्रत्यक्ष चाललेल्या कामातून घ्यावयाची, असे योजिले आहे. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रगत इंधन निर्मिती विभागात यूरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडाच्या इंधन-गुटिका तयार होतात. तारापूरच्या उत्कलन-जल अणुभट्ट्यांत १९९० च्या दशकात वापरून पाहिलेले मिश्र ऑक्साइड इंधन येथलेच; आणि कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या आद्यनमुना द्रुत प्रजनक अणुभट्टीसाठी लागणाऱ्या इंधनाची जबाबदारीही याच विभागाकडे आली.

ऑक्साइड हा धातू नव्हे, तेव्हा हे काम धातुविज्ञानात कसे मोडते, अशी शंका काढली जाईल. वस्तुतः चूर्ण धातुविज्ञानाची व्याख्या पदार्थावरून होत नाही, ती पद्धतीवरून होते. भुकटी तयार करणे, ती साच्यात दाबणे, वितळबिंदूच्या बऱ्याच खाली तापवून तिचे कण एकमेकांत सांधणे, म्हणजेच सिंटरिंग, आणि शेवटी घासून नेमके माप देणे, ही ती पद्धत होय. यूरेनियम डायऑक्साइड सुमारे २८५० अंश सेल्सिअसला वितळते. त्याची गुटिका मात्र सुमारे १६५० ते १७०० अंशांवर हायड्रोजनयुक्त वातावरणात सिद्ध होते. टंगस्टनच्या तारेला किंवा कठीण कार्बाइडच्या हत्याराला जे नियम लागू पडतात, तेच येथेही लागू पडतात.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. आपल्या बहुतेक निबंधांत यशाचे प्रमाण म्हणून एकच आकडा दिला जातो : सैद्धांतिक घनतेच्या अमुक टक्के. यूरेनियम डायऑक्साइडाची सैद्धांतिक घनता दर घन सेंटिमीटरला १०.९६ ग्रॅम आहे आणि अणुभट्टीच्या गुटिकेत साधारणतः तिच्या ९५ टक्के घनता अपेक्षित असते. हा आकडा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. उरलेले पाच टक्के म्हणजे निव्वळ उणीव, असे समजणे ही चूक होय. विखंडनातून निर्माण होणारे झेनॉन व क्रिप्टॉन हे वायू आणि गुटिकेची फुगवट यांना सामावून घेण्यास ती छिद्रे उपयोगी पडतात. पण ती किती मोठी आहेत आणि उष्णता व प्रारण यांखाली टिकतात की नाही, यांवर सारे अवलंबून असते. १९७२ साली अमेरिकेतील गिना अणुभट्टीत काही इंधन-दंडांची आवरणे चपटी झाल्याचे आढळले. भट्टीत चालू असताना गुटिका अधिक दाट होऊन आक्रसल्या, दंडात मोकळ्या जागा निर्माण झाल्या आणि बाहेरच्या दाबाखाली आवरण तेथे आत दबले, हे त्याचे कारण होते. घनतेचा आकडा एकच असूनही छिद्रांच्या आकारामुळे दोन गुटिकांचे भवितव्य भिन्न असू शकते, हा धडा त्या घटनेने दिला. ज्या निबंधात छिद्रांच्या आकाराचे वितरण नाही, त्यातील घनतेचा आकडा अर्धवट मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप भुकटीविषयी आहे. भुकटीचा पूर्वेतिहास निबंधात दोन ओळींत उरकला जातो. त्याचे मोल किती, हे साध्या गणिताने दाखविता येते. कच्ची गुटिका ५५ टक्के घनतेची आहे व सिंटरिंगनंतर ती ९५ टक्क्यांवर येते, असे धरू. मग तिचे रेषीय माप मूळच्या सुमारे ०.८३३ पट होते. १५ मिलिमीटरच्या साच्यातून निघालेली गुटिका १२.५० मिलिमीटर व्यासाची होते. आता भुकटी किंचित निराळी निघाली आणि कच्ची घनता ५६ टक्के झाली, तर अंतिम घनता तीच राहूनही व्यास सुमारे १२.५८ मिलिमीटर भरतो. गुटिका व आवरण-नळी यांमधील अवकाश मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच असतो. म्हणजे कच्च्या घनतेतील एका टक्क्याच्या फरकाने त्या अवकाशाचा मोठा हिस्सा खाल्ला जातो. हा फरक घासून काढता येतो, हे खरे. पण प्लुटोनियम असलेल्या गुटिकेच्या घासकामात उडणारी धूळ ही केवळ गैरसोय राहत नाही. ती ग्लोव्हबॉक्समध्ये साचते आणि काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या प्रारणात भर घालते. भुकटीतील सातत्य हा येथे मनुष्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

तिसरा मुद्दा समरूपतेचा. यूरेनियम व प्लुटोनियम यांची ऑक्साइडे एकत्र दळली तरी प्लुटोनियमबहुल पुंजके उरू शकतात. तेथे विखंडन एकवटते आणि वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळविताना तेच पुंजके अडचण करतात. म्हणून केवळ रासायनिक सरासरी देऊन भागत नाही. अल्फा-स्वयंचित्रणाने गुटिकेच्या छेदावरील प्लुटोनियमचे वितरण तपासावे लागते. सरासरी बरोबर असूनही वस्तू चुकीची असू शकते, हे ज्या क्षेत्रात स्पष्ट मान्य झाले आहे, त्याचे हे क्षेत्र उत्तम उदाहरण होय.

या पार्श्वभूमीवर तारापूर येथे विकसित झालेल्या एका प्रक्रियेचे मूल्यमापन करणे उद्बोधक ठरेल. थोरियमपासून मिळणाऱ्या यूरेनियम-२३३ मध्ये यूरेनियम-२३२ चा अंश असतो व त्याच्या वंशजांपैकी थॅलियम-२०८ तीव्र गॅमा किरण सोडते. म्हणून ही भुकटी जाड संरक्षक भिंतीआड हाताळावी लागते. भिंतीआड दळणे, गाळणे, दाणे पाडणे ही सर्व कामे करणे कष्टाचे व खर्चाचे. यावर काढलेला तोडगा असा : निव्वळ थोरियम ऑक्साइडाचे दाणे भिंतीबाहेर तयार करावयाचे आणि त्यांवर यूरेनियम ऑक्साइडाचा लेप देणे, दाबणे व सिंटरिंग एवढीच कामे भिंतीआड करावयाची. यालाच लेपित-दाणा प्रक्रिया म्हणता येईल.

या कल्पनेची थोरवी तिच्या संयमात आहे. तिने नवा पदार्थ शोधला नाही. क्रम बदलून माणसाला किरणांपासून दूर नेले. परंतु परीक्षकाने येथेच थांबू नये. यूरेनियम दाण्याच्या पृष्ठावर आहे, गाभ्यात नाही. तो आत पोचावयाचा तर सिंटरिंगमधील विसरणावरच भिस्त ठेवावी लागते आणि या ऑक्साइडांत धातू-अयनांचे विसरण मंद असते. थोरियम व यूरेनियम यांची डायऑक्साइडे कोणत्याही प्रमाणात घन द्रावण बनवितात, हे समाधान असले तरी बनू शकणे आणि ठराविक तासांत बनणे यांत अंतर आहे. या प्रक्रियेवरील निबंधांनी हा प्रश्न टाळलेला नाही. सूक्ष्मरचना व यूरेनियमचे वितरण यांना त्यांत मध्यवर्ती स्थान दिले आहे. आमच्या मते त्यांचा खरा गुण हाच. सोय आणि समरूपता यांतील देवघेव उघडपणे मांडणे हे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. ज्या प्रगत जड-जल अणुभट्टीसाठी हे इंधन कल्पिले होते, ती अद्याप आराखड्यापुढे गेलेली नाही. तरी प्रक्रियेचे बौद्धिक मूल्य त्यामुळे उणे होत नाही.

याच मापाने उच्च कार्यक्षम मिश्रधातूंकडे पाहिले तर चित्र तितके समाधानकारक दिसत नाही. २००४ नंतर उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातूंची लाट आली. आपल्या देशात चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत बी. एस. मूर्ती व सहकाऱ्यांनी यांत्रिक मिश्रणाने असे मिश्रधातू तयार करण्यात अग्रेसर काम केले. त्या कामाचे अनुकरण मात्र यांत्रिकपणे झाले. पाच-सहा मूलद्रव्ये बॉल मिलमध्ये दळावयाची, क्ष-किरण आलेख काढावयाचा, लहानशी चकती सिंटर करावयाची आणि तिचा कठीणपणा द्यावयाचा, असा साचा पडून गेला आहे. गोळ्यांतून व भांड्यातून किती लोह आले, दळताना वापरलेल्या टोल्वीनमधील कार्बनचे कार्बाइड किती झाले, ताण दिल्यावर नमुना ताणतो की तुटतो, यांची उत्तरे पुष्कळदा मिळत नाहीत. मग वाढलेला कठीणपणा मिश्रधातूचा की अशुद्धीचा, हे कसे ठरवावे?

शिवाय मिश्रधातू कार्यक्षम ठरतो तो परिस्थितीत, सूत्रात नव्हे. ३०४ जातीचे निष्कलंक पोलाद उत्तम गणले जात असे. तरी १९७० च्या दशकात जगभरच्या उत्कलन-जल अणुभट्ट्यांच्या नळ्यांत वेल्डालगत कणसीमांवर भेगा आढळल्या. वेल्डच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइड कणसीमांवर जमले, लगतचा भाग क्रोमियमने दरिद्री झाला, आणि ऑक्सिजनयुक्त गरम पाणी व ताण यांनी उरलेले काम केले. उपाय निघाला तो कार्बन कमी करण्याचा व पाण्याचे रसायन सुधारण्याचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत निष्कलंक पोलादाचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. तेव्हा हा विषय या भागातील विद्यार्थ्याला परका वाटू नये.

यावरून पदव्युत्तर प्रबंधांसाठी तीन अपेक्षा सुचवाव्याशा वाटतात. एक, भुकटीचा संपूर्ण इतिहास द्यावा : कणांचा आकार, पृष्ठफळ, अशुद्धी व दळण्याची साधने. दोन, उत्तम नमुन्याचा आकडा न देता सर्व नमुन्यांचे वितरण द्यावे आणि फुटलेल्या, तडकलेल्या नमुन्यांचीही नोंद करावी. तीन, हा पदार्थ कोणत्या परिस्थितीत वापरावयाचा व तेथे तो कशाने निकामी होईल, याचे एक तरी परीक्षण असावे. या अपेक्षांना महागडी यंत्रे लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक, तराजू व चिकाटी पुरते. यांमुळे निबंधांची संख्या कदाचित घटेल. पण जे उरेल त्यावर दुसरा कोणी विसंबून काम करू शकेल, आणि ज्या शास्त्रात चुकीची भुकटी कोणाच्या तरी हाताशी, श्वासाशी येते, तेथे असे विसंबता येणे हीच प्रगतीची खरी खूण मानावी लागेल.