मुंबई विद्यापीठ व महाराष्ट्रांतील ग्रंथसंशोधन : एका रूढ समजुतीचें परीक्षण

१. विषयप्रवेश

मुंबई विद्यापीठ सन १८५७ च्या बाविसाव्या कायद्यानें, त्या वर्षाच्या जुलै महिन्याच्या १८ व्या तारखेस, स्थापन झालें. कलकत्त्याचें विद्यापीठ त्याच वर्षाच्या जानेवारींत व मद्रासचें सप्टेंबरांत निघालें. ह्या तिन्ही संस्थांचें मूळ सर चार्ल्स वुड यांच्या १८५४ सालच्या खलित्यांत आहे, हें सर्वश्रुतच आहे. मुंबई विद्यापीठासंबंधीं जें गौरवपर लेखन होत आलें आहे त्यांत एक विधान वारंवार आढळतें. तें असें कीं, संस्कृत ग्रंथांचें चिकित्सक संपादन, जुन्या पोथ्यांचा शोध आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा संग्रह, हे महाराष्ट्रांतील तीन मोठे उद्योग म्हणजे ह्या विद्यापीठाचींच फळें होत. ह्या विधानाचें परीक्षण करण्याचें येथें योजिलें आहे.

श्रेय कोणाचें हा प्रश्न वरवर पाहणारास केवळ मानापमानाचा वाटेल. परंतु तो तसा नाहीं. पूर्वींचें काम ज्याच्या हातून झालें असें आपण समजतों, त्याच्याच हातीं पुढचें काम सोंपवितों. वडिलोपार्जित पोथ्यांचें दप्तर कोणाच्या स्वाधीन करावें, मोडी कागदांचें वाचन कोणाकडून होईल अशी आशा धरावी, हें शेवटीं असल्या समजुतींवरच ठरत असतें. म्हणून संग्राहकांनीं तरी ही समजूत तपासून घेणें अवश्य आहे.

२. पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा करून मग त्याचें खंडन करणें हा शास्त्राचा मार्ग नव्हे. म्हणून तो आधीं पूर्ण बळानें मांडतों. विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तींत १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. म्हणजे सहांत एक. १८६२ सालीं बी. ए. ची पदवी प्रथम मिळाली ती महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक या चौघांस. ह्यांतील एक मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहासकार झाला व दुसरा अर्वाचीन संस्कृत संशोधनाचा अग्रणी. पुढें काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ सालीं विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु झाले, व त्यांच्यामागून भांडारकर त्या पदावर आले. तेलंगांनीं मुद्राराक्षस संपादिलें, भांडारकरांनीं मालतीमाधव. ‘काव्येतिहाससंग्रह’ काढणारे काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हे पदवीधर, राजवाडे पदवीधर, रियासतकार सरदेसाईहि पदवीधर. इतकी मोठी नामावळी समोर असतां विद्यापीठाचें कारणत्व कोण नाकारील, असा हा पक्ष आहे.

३. काळाचा क्रम

प्रथम कालक्रम पाहूं. कार्याच्या पूर्वीं नियमानें असणें हें कारणाचें पहिलें लक्षण होय. परंतु ह्या उद्योगांचीं मुळें विद्यापीठाच्या मागें जातात. पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा १८२१ सालीं सुरू झाली. पेशवाईंतील दक्षिणेच्या निधीचा कांहीं भाग पुढें ग्रंथकारांस बक्षिसें व विद्यार्थ्यांस फेलोशिपा देण्याकडे वळविण्यांत आला. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ सालीं निघाला होता; त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति विद्यापीठाच्या जन्मवर्षींच, म्हणजे १८५७ सालीं, प्रसिद्ध झाली. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें. बाळशास्त्री जांभेकरांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर १८४५ सालीं छापविली. परशुराम बल्लाळ गोडबोले यांचें ‘नवनीत’ १८५४ सालचें. त्यांत जुन्या कवींचे वेंचे आहेत. म्हणजे कोश, व्याकरण, प्राचीन ग्रंथाचें मुद्रण व काव्यसंग्रह हीं चारी कामें विद्यापीठाचा कायदा होण्यापूर्वींच झालेलीं होतीं.

पहिल्या पदवीधरांचीहि गोष्ट अशीच आहे. भांडारकर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें आले ते विद्यापीठ निघण्याच्या पूर्वीं. त्यांचें संस्कृत अध्ययन झालें तें मुख्यतः जुन्या शास्त्र्यांपाशीं बसून. विद्यापीठानें त्यांची परीक्षा घेतली. त्यांस शिकविलें नाहीं. हा केवळ शब्दच्छल नव्हे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ही संस्था केवळ परीक्षा घेणारी म्हणूनच निर्माण करण्यांत आली होती. अध्यापन करण्याचा अधिकार १९०४ च्या कायद्यानें मिळाला, आणि विद्यापीठाचा स्वतःचा अध्यापनविभाग प्रत्यक्ष उभा राहिला तो १९१९ सालीं, पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखालीं. तोहि समाजशास्त्राचा, इतिहासाचा वा संस्कृताचा नव्हे.

४. तीन निरनिराळीं खातीं

रूढ समजुतींतील मुख्य दोष हा कीं, तींत विद्यापीठ, सरकारी शिक्षणखातें व खाजगी मंडळी या तिघांचे जमाखर्च एकाच वहींत लिहिले गेले आहेत. ते वेगळे करून पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

मुंबई संस्कृत ग्रंथमाला घ्या. पंचतंत्राच्या शेवटच्या दोन तंत्रांची ब्यूलरकृत आवृत्ति १८६८ सालीं निघाली, ती ह्या मालेंतली. कीलहॉर्नचें परिभाषेन्दुशेखर व महाभाष्य, शंकर पांडुरंग पंडितांचें मालविकाग्निमित्र, वर उल्लेखिलेलीं मालतीमाधव व मुद्राराक्षस, हीं सर्व याच मालेंतलीं. परंतु ही माला विद्यापीठाची नव्हती. ती शिक्षणखात्याची होती. मुखपृष्ठावर तसें छापलेलें असतांहि ती विद्यापीठाच्या नांवावर कशी चढली, याचें आश्चर्य वाटतें.

हस्तलिखितांचा शोधहि तसाच. १८६८ सालीं हिंदुस्थान सरकारनें संस्कृत पोथ्यांच्या शोधाची योजना मंजूर केली. तदनुसार मुंबई इलाख्यांत ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर व पीटर्सन यांनीं गुजराथ, राजपुताना, महाराष्ट्र इत्यादि प्रांतांतून पोथ्या मिळविल्या व आपले अहवाल छापले. ह्या अहवालांवांचून आजहि कोणा सूचिकाराचें पाऊल पुढें पडत नाहीं. हा सरकारी संग्रह पुढें डेक्कन कॉलेजांत राहिला, आणि १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. तें मंदिर १९१७ सालीं लोकांच्या उद्योगानें स्थापन झालेलें. पैसा सरकारचा, शोध खात्याच्या नोकरांचा, व अखेरचा आश्रय खाजगी संस्थेचा, असा हा प्रवास आहे. ह्या प्रवासांत विद्यापीठाचा मुक्काम कोठेंच लागत नाहीं.

तिसरें खातें खाजगी उद्योगाचें. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ सालीं निघाला तो साने, मोडक व शाळिग्राम यांच्या पदरमोडीनें व वर्गणीदारांच्या बळावर. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ चा. त्यांच्या भटकंतीस कोणत्या सिनेटनें पैसा दिला नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं पुण्यास निघालें, तेंहि विद्यापीठाच्या छायेबाहेरच.

५. मराठीची कथा

येथपर्यंत विद्यापीठाच्या अकर्तृत्वाचा विचार झाला. परंतु एका बाबतींत त्याचें कर्तृत्व निश्चित आहे, आणि तें मराठी पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष बोंचणारें आहे. आरंभीं वरच्या परीक्षांतूनहि देशी भाषांस जागा होती. पहिल्या दशकांतच ती काढून घेण्यांत आली, व मॅट्रिकच्या पुढें संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषाच उरल्या. ह्या धोरणाचे पुरस्कर्ते सर अलेक्झांडर ग्रँट हे एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्रिन्सिपाल, पुढें शिक्षणखात्याचे डायरेक्टर व विद्यापीठाचे कुलगुरु होते. चमत्कार असा कीं, १८६४ अखेरपर्यंत ह्या इलाख्यांत छापलेल्या देशी पुस्तकांची यादी सरकारी हुकुमावरून तयार करणारेहि हेच गृहस्थ. ज्या भाषेंत शेंकडों पुस्तकें छापलीं गेल्याची नोंद त्यांच्याच हातून झाली, तिच्यांत अभ्यासास योग्य असें वाङ्मय नाहीं, असें मत त्यांच्याच कारकीर्दींत रूढ झालें.

मी स्वतः संस्कृताचा अध्यापक. संस्कृतास मिळालेल्या मानाबद्दल मला विषाद वाटण्याचें कारण नाहीं. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीनें संस्कृतांत पहिला येणारा विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या गौरविला गेला, हें योग्यच झालें. परंतु हा मान मराठीचा पाट काढून घेऊन तिच्या वडील बहिणीस देण्यांत आला, आणि ह्यांत संस्कृताचेंहि कल्याण झालें असें म्हणवत नाहीं. त्याचा परिणाम पोथ्यांवर काय झाला तो पाहावा. जो ग्रंथ परीक्षेस लागतो त्याची आवृत्ति निघते. जिची आवृत्ति निघते ती पोथी शोधली जाते, ताडून पाहिली जाते व जतन होते. संस्कृत नाटकांच्या पोथ्या ह्या न्यायानें तरल्या. मराठी बखरी, महानुभावांचे गद्य ग्रंथ व पंडित कवींचीं आख्यानें यांना हें भाग्य लाभलें नाहीं. मुंबई संस्कृत ग्रंथमालेच्या जोडीला मुंबई मराठी ग्रंथमाला कधींच निघाली नाहीं. ती निघती तर १८७० ते १९०० या तीस वर्षांत वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या मुखीं गेलेल्या किती पोथ्या वांचल्या असत्या, याचा हिशेब आतां कोण करणार?

रानडे यांनीं ही चूक सुधारण्याचा प्रयत्न अनेक वर्षें केला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचें टिपण १८९८ चें. १९०१ च्या जानेवारींत ते निवर्तले, आणि त्याच वर्षीं एम. ए. च्या परीक्षेंत मराठीस प्रवेश मिळाला. चाळीस वर्षांच्या आंतबाहेरचा हा वनवास होता. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरालाच विद्यापीठाशीं जन्मभर झगडावें लागावें, ही गोष्ट गौरवग्रंथांत एका वाक्यांत आटोपण्यासारखी नाहीं.

६. अन्वयव्यतिरेक

आतां नामावळीचा विचार. इतके संशोधक पदवीधर होते हा झाला अन्वय. परंतु व्यतिरेक दाखविल्यावांचून कारणत्व सिद्ध होत नाहीं. विद्यापीठाची पदवी नसतां संशोधन झालेंच नाहीं, असें दाखवितां येतें काय? वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस शाळेंत संस्कृत शिकवीत असतां पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. ते जुन्या परंपरेचे शास्त्री. दत्तात्रय बळवंत पारसनीस पदवीधर नव्हते. डॉक्टर भाऊ दाजी यांचें वैद्यकीय शिक्षण विद्यापीठापूर्वींचें. त्यांचें शिलालेखवाचन झालें तें एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या आश्रयानें. व्यतिरेक असा तीन ठिकाणीं मोडतो, आणि तींहि क्षुल्लक उदाहरणें नव्हेत.

तेव्हां नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, ह्या कार्याचें समवायिकारण म्हणजे घरोघरच्या पोथ्या व दप्तरें, आणि तीं वाचूं शकणारी शास्त्री-कारकुनांची परंपरा. विद्यापीठ हें फार तर निमित्तकारण. घट घडतांना जें दंडाचें स्थान, तेंच त्याचें. दंडाला माती म्हणूं नये.

७. विद्यापीठाचें खरें श्रेय

परंतु निमित्तकारण हेंहि कारणच होय. त्याचा वांटा त्यास दिलाच पाहिजे. परीक्षेंत संस्कृत आल्यामुळें शुद्ध आवृत्तींची मागणी उत्पन्न झाली, व खात्याच्या मालेस वाचक मिळाला. पदवीमुळें साने, मोडक यांसारख्यांस पोटापुरता पगार व त्याबरोबर प्रतिष्ठा मिळाली. रिकाम्या पोटीं कोणाकडून पाठभेद टिपले जात नाहींत. १८७७ सालीं भांडारकरांनीं दिलेलीं विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्यानें विद्यापीठाच्याच आश्रयानें झालीं. त्यांत संस्कृतापासून प्राकृतांच्या वाटेनें मराठी-गुजराथीपर्यंतचा जो मार्ग दाखविला आहे, त्यानें परीक्षामंडळाच्या जुन्या धोरणास विद्यापीठाच्याच व्यासपीठावरून उत्तर मिळालें असें म्हणतां येईल.

शिवाय विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पोथ्याहि आहेत. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूचि १९३५ सालीं, आणि गो. वि. देवस्थळी यांनीं केलेली संस्कृत-प्राकृत पोथ्यांची वर्णनात्मक सूचि १९४४ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या सूचींत भगवत्सिंहजी संग्रह व भडकमकर-स्मारक संग्रह असे दोन संग्रह वर्णिले आहेत. हें काम निःसंशय विद्यापीठाचें. आणि गौरवपर लेखनांत ह्याचाच उल्लेख सर्वांत थोडा असतो. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लक्ष व मनोऱ्यासाठीं दोन लक्ष रुपये दिले. १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई मनोरा सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच्या पायथ्याशीं असलेल्या पोथ्यांची आठवण मात्र थोड्यांस होते. २०१८ सालीं युनेस्कोनें ह्या परिसरास जागतिक वारशांत स्थान दिलें, तेंहि इमारतींच्या शिल्पाबद्दल.

८. वारसा व आपलें कर्तव्य

१९४९ सालीं पुण्याचें, गुजराथचें, बडोद्याचें व कर्नाटकाचें अशीं विद्यापीठें निघालीं, आणि सिंधपासून कानड्यापर्यंत पसरलेलें मुंबईचें जुनें कार्यक्षेत्र आकसलें. १९९६ सालीं नांवहि मुंबईच्या मराठी रूपाचें झालें. परंतु परीक्षा हेंच विद्यापीठ, ही स्थापनेच्या वेळची कल्पना मात्र नाहींशी झाली नाहीं. २०१७ सालीं उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या नव्या पद्धतींत निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हां परीक्षेचा गाडा अडला कीं सारें विद्यापीठच अडतें, हें पुन्हां दिसून आलें.

ह्या परीक्षणाचें तात्पर्य विद्यापीठाची निंदा हें नव्हे. संग्राहकांनीं त्यांतून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली : पोथ्यांचें रक्षण कोणी मोठी संस्था आपोआप करील ह्या भरंवशावर राहूं नये, आजवर तें केलें तें खरे-राजवाड्यांसारख्या एकेकट्या माणसांनीं व लहान मंडळांनीं. पोथी देतांना सूचि, छायाप्रति व अभ्यासकांस मुक्तद्वार यांची अट लेखी घालून मगच ती द्यावी. देवस्थळींच्या सूचीस आज ऐंशींहून अधिक वर्षें झालीं आहेत. तींतील प्रत्येक पोथी संगणकावर पाहावयास मिळावी, अशी मागणी मंडळांनीं विद्यापीठाकडे अवश्य करावी.

दुसरी : विद्यापीठाचा स्वतःचा इतिहासहि आतां साधनांवरून लिहावयाचा विषय झाला आहे. जुनीं कॅलेंडरें, सिनेटचीं कामकाजपत्रें, १८६० ते १९०० च्या प्रश्नपत्रिका, आणि विशेषेंकरून विद्यार्थ्यांनीं वापरलेल्या संस्कृत आवृत्ति, ज्यांच्या समासांत शिक्षकानें सांगितलेला अर्थ बारीक मोडींत उतरलेला असतो, हीं सर्व आज रद्दीच्या दुकानांतून जात आहेत. पोथीपुस्तकांच्या गठ्ठ्यांतून असलीं पुस्तकें निरुपयोगी म्हणून बाजूला टाकण्याची संग्राहकांची संवय आहे, ती सोडावी. कोणता श्लोक परीक्षेस विचारला गेला व कोणता कधींच विचारला गेला नाहीं, हें ज्या दिवशीं आपण कागदोपत्रीं दाखवूं शकूं, त्या दिवशीं ह्या लेखांतील विधानांचीहि अशीच परीक्षा घेतां येईल.