साथीला : केशव साठे

परदेशातल्या मराठी घरातलं गाण्याचं कपाट बहुधा दोन मजली असतं. वरच्या मजल्यावर आपण भारतातून आणलेलं, म्हणजे भीमसेनजी, किशोरीताई, कुमार, वसंतराव, ‘गीतरामायणा’चा संच, पु. लं.ची कथाकथनं आणि गणपतीच्या आरत्या. खालच्या मजल्यावर मुलांनी इथे जमवलेलं, ज्याचा आवाज कमी करायला आपण जिन्यातून ओरडतो. आता यातलं बरंचसं संगणकात आणि फोनमध्ये गेलं, तरी मजले तेच राहिले. वरचे खाली येत नाहीत, खालचे वर जात नाहीत.

या दोन मजल्यांच्या मधे बसणाऱ्या पाच तबकड्यांची शिफारस मी या लेखात करणार आहे. त्या पाचही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. एक कागदावर बांधलेला जॅझ, एक मोकाट सुटलेला जॅझ, एक गिटारभोवती फिरणारा, एक हिप्पी काळातली गाणी आणि एक चक्क जुनी इंग्रजी लोकगीतं. त्यांतल्या चार तबकड्यांना जोडणारा धागा एकच आहे. तबल्याच्या साथीला केशव साठे.

साठ्यांचा जन्म १९२८ सालचा, मुंबईचा. १९५०च्या दशकात ते लंडनला आले आणि २०१२ साली वारले. मधल्या काळात या माणसाने जितक्या तऱ्हेच्या संगीताला साथ केली, तितक्या तऱ्हेचं संगीत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलंही नसेल. तरी आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत मी त्यांचं नाव शोधतो तेव्हा ते क्वचितच सापडतं. तबकड्यांच्या नामावळीतही कुठे कुठे ते ‘केशन साठे’ असं छापलेलं आढळतं. साथीदाराच्या वाट्याला काय येतं, हे त्या एका चुकलेल्या अक्षरात आलं.

पहिली तबकडी ‘इंडो-जॅझ सूट’. ध्वनिमुद्रण १९६५ सालचं, प्रकाशन १९६६ सालचं. संगीतकार जॉन मेयर हे कलकत्त्याचे, लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवणारे. प्रमुख वादक जो हॅरियट हे जमैकाचे. साठ्यांच्याच वर्षी, १९२८ साली जन्मलेले आणि १९५१ साली इंग्लंडला आलेले आल्टो सॅक्सोफोनवादक. रचना दोन पंचकांची आहे. पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय बाजूचे. गंमत म्हणजे ‘भारतीय’ पाचांतला बासरीवाला इंग्रज होता, आणि जॅझच्या पाचांतले रिक लेअर्ड आयर्लंडचे. तेच लेअर्ड पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेले.

आता खरं सांगायचं तर आपल्या कानांना ही तबकडी सुरुवातीला खटकेल. तिच्यात ‘राग मेघ’ आहे, ‘राग गौड सारंग’ आहे, पण त्यांत बढत शोधू नका. मेयर यांनी रागाचे स्वर घेतले, रागाचा स्वभाव घेतला नाही. सगळं कागदावर बांधलेलं आहे, त्यामुळे हॅरियटसारख्या उत्स्फूर्त वादकालाही कुठे कुठे अंग चोरून बसावं लागतं. पण हाच दोष मान्य करून पुन्हा ऐका. जॅझ वाजवणारे सतत षड्ज बदलत असतात. तबला मात्र एका सुरात लावलेला असतो, आणि दर चार मात्रांनी हातोडी घेऊन गट्ट्यांवर ठोकत बसणं शक्य नसतं. म्हणजे या दोन संगीतांना एकत्र यायचं तर कुणीतरी आपली सवय सोडायला हवी. इथे जॅझवाले एका षड्जाभोवती बसायला तयार झाले आणि साठे लिहून दिलेल्या आकड्यांवर हुकमी सम गाठायला. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं, म्हणून मधे जागा झाली.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली आलेल्या ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’मध्ये ही जागा आणखी ऐसपैस झाली आहे. त्यातला ‘अक्का रागा’ हा तुकडा बीबीसीवरच्या ‘आस्क द फॅमिली’ या प्रश्नमंजूषेचं शीर्षकसंगीत म्हणून वाजत असे. या देशात त्या काळी आलेल्या मंडळींनी तो नक्की ऐकला असेल, आणि हा ‘अक्का’ नावाचा राग कुठल्या घराण्याचा, असा प्रश्नही कुणाला पडला असेल! आपल्या माणसाचा तबला दिवाणखान्यात वाजत होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. हॅरियटची कहाणी मात्र हसण्यासारखी नाही. शेवटची वर्षं हलाखीत काढून १९७३ साली, वयाच्या ४४व्या वर्षी ते गेले.

दुसरी तबकडी ‘जॅझ मीट्स इंडिया’. १९६७ साली जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावी मुद्रित झालेली. एका बाजूला स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्झर आणि त्यांचे साथीदार, दुसऱ्या बाजूला सतारवादक दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर साठे. शिवाय ट्रंपेटवर मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. हे लोक ‘फ्री जॅझ’ वाजवणारे, म्हणजे ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही, काही वेळा ठरलेला सूरही नाही. माझा मुलगा शाळेत ड्रम वाजवायचा. त्याने हे ऐकून मला विचारलं, “बाबा, यात मोजतंय कोण?” यापेक्षा नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही. मोजतायत ते साठे. आजूबाजूला वादळ उठलेलं असताना ते आपलं आवर्तन सोडत नाहीत आणि ते कुणावर लादतही नाहीत.

या तबकडीतही उणीव आहे. दोन्ही बाजू पुष्कळदा एकत्र वाजवण्याऐवजी आळीपाळीने वाजवतात. नव्या शेजाऱ्यांच्या पहिल्या भेटीसारखं. तुमचं झालं का? मग आता आम्ही. पण शेवटच्या रचनेचं नावच पाहा, ‘ब्रिगाख आणि गंगा’. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटीशी नदी. पुढे ब्रेग नदीला मिळून तिची डॅन्यूब होते. यजमानांनी आपल्या दारातल्या ओढ्यासारख्या नदीचं नाव पाहुण्यांच्या गंगेशेजारी ठेवावं, यातलं अगत्य मला भावतं.

तिसरी तबकडी साठ्यांची नाही, पण तिच्यावाचून ही यादी अपुरी राहील. लंडनच्या या मंडळींत आपल्याकडचा आणखी एक माणूस होता. आमान्सियो डिसिल्वा, १९३६ साली मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक. १९६९ साली जो हॅरियटबरोबर त्यांनी ‘हम दोनों’ ही तबकडी केली. नाव वाचून देव आनंद आठवेल, पण इथे सतार नाही आणि तबलाही नाही. गिटार, सॅक्सोफोन, आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचून गाणारा आवाज. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक संथ रचना आहे. गोवा म्हटलं की मांडो आणि नारळाची झाडं, असा आपला हिशेब असतो. त्यातलं इथे काही नाही. दूर राहणाऱ्याला गाव जसं आठवतं, तपशील पुसट आणि हुरहुर स्पष्ट, तसं हे संगीत आहे. माझ्या मते या पाचांत सर्वांत पूर्णत्वाला गेलेली तबकडी हीच. इथे कुणी कुणाला भेटायला आलेलं नाही, दोघंही एकाच घरात राहतात. डिसिल्वांनी १९७२ साली मुद्रित केलेली ‘कोकण डान्स’ नावाची तबकडी तर २००६पर्यंत प्रकाशितच झाली नाही. ‘कोकण’ हा शब्द लंडनच्या कपाटात चौतीस वर्षं पडून होता.

चौथी ‘मॅजिक कार्पेट’, १९७२ची. आलिशा सुफिट यांची गाणी आणि आवाज, क्लेम अल्फर्ड यांची सतार, जिम मॉइस यांची गिटार आणि साठ्यांचा तबला. ‘मश्रूम’ नावाच्या छोट्या कंपनीने ती काढली आणि चौघं लवकरच पांगले. पुढे मूळ प्रत संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाऊ लागली. अर्थात भाव चढला म्हणून संगीत चांगलं ठरत नाही. काही गाण्यांतला शांतीचा आणि प्रेमाचा भाबडेपणा त्या काळाचा आहे, तो सोसावा लागतो. पण भावगीतं ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला या तबकडीत एक गोष्ट इंग्रज श्रोत्यापेक्षा लवकर ऐकू येईल. शब्दाच्या वेळी मागे सरणं आणि ओळ संपली की मधली जागा भरणं, हा भावगीताच्या साथीदाराचा संयम. भाषा बदलली तरी तो बदललेला नाही. एका तुकड्याला सहकाऱ्यांनी नाव दिलंय ‘टेक अवे केश’. केश म्हणजे आपले केशवराव. लाडाने नाव मोडणं हे आपलेपणाचंच लक्षण. ‘केशन’ आणि ‘केश’ यांत एवढा फरक आहे.

पाचवी, आणि माझी विशेष आवडती, ‘अ मेड इन बेडलम’, १९७७ची. गिटारवादक जॉन रेनबर्न आणि गायिका जॅकी मॅकशी हे ‘पेंटँगल’ या गाजलेल्या चमूतले. तो १९७३ साली फुटल्यावर रेनबर्न यांनी नवा चमू केला. त्यात बासरी आणि ओबो, एका अमेरिकन बाईंची फिडल, आणि तालाला ड्रम न घेता तबला. गाणी मात्र अस्सल इंग्रजी आणि आयरिश मातीतली. मृत्यूशी वाटाघाट करणारी तरुणी, वेडी झालेली प्रेयसी, आणि कापून, कुटून, दळून शेवटी मद्याच्या रूपाने सगळ्यांना पुरून उरणारा जॉन बार्लीकॉर्न नावाचा जवाचा दाणा. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानावर पडल्या आहेत, त्यांना या गाण्यांची ओळख करून द्यायला नको.

इंग्रजी लोकसंगीतात सहा मात्रांचा ठेका पुष्कळ चालतो. आपला दादराही सहाच मात्रांचा. पण दादऱ्यात पहिल्या तीन मात्रा भरीच्या आणि पुढच्या तीन खालीच्या, म्हणजे एक पाय जमिनीवर आणि एक हवेत. इंग्रजी नाचात दोन्ही पाय जमिनीवर आपटायचे असतात. या दोन चालींतून काय निघू शकतं, याचं उत्तर या चमूच्या संगीतात मिळतं. नाच तर चालू राहतो, पण त्याला लचक येते. याच चमूच्या १९८०च्या ‘द एन्चांटेड गार्डन’ या तबकडीत गियोम द मॅशो या फ्रेंच कवी-संगीतकाराची एक रचना आहे. मॅशो १३७७ साली वारला, म्हणजे तो आपल्या नामदेवांचा समकालीन. फ्रान्समधलं चौदाव्या शतकातलं गाणं, वाजवणारे इंग्रज, आणि चमूत तबला मुंबईचा. यात ओढाताण जाणवत नाही, हीच तिची थोरवी.

कुणी म्हणेल, ही सगळी खिचडीच की! शास्त्रीय संगीताचं सोवळं सांभाळणाऱ्या आपल्या मित्रांना मी एकच आठवण देतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे वाजणारा ऑर्गन विलायतेतूनच आला होता. आज त्याच्यावाचून नाट्यगीत आपल्याला सुनं वाटतं. खिचडी वाईट नसते, कच्ची वाईट असते. वरच्या पाचांत कुठे डाळ कच्ची राहिली, ते मी सांगितलंच आहे. आणि ‘बीटल्सनी सतार आणली, मागून सगळे धावले’ हा आरोपही इथे लागू पडत नाही. ‘सूट’चं ध्वनिमुद्रण १९६५च्या ऑक्टोबरातलं आहे, बीटल्सची सतार लोकांनी ऐकली ती त्या डिसेंबरात.

मग ही तबकड्यांची दुनिया मागे का पडली? मला वाटतं, कपाटामुळे. जॅझवाल्यांना ती भारतीय वाटली, भारतीयांना जॅझ वाटली, लोकगीतवाल्यांना दोन्ही वाटली. ज्याला त्याला ती दुसऱ्याच्या खणातली वाटली. आपलंही तसंच नाही का? इथे आपण भारतीय, तिथे गेलो की परदेशातले. आपल्या मुलांचं तर विचारूच नका. म्हणूनच हा प्रश्न मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. संस्कृती जपायची म्हणून आपण ती काचेच्या कपाटात ठेवतो आणि मुलांना लांबून दाखवतो. साठ्यांनी ती रोज वापरली. कुणाशीही वाजवताना त्यांनी तबला सोडला नाही, आणि समोरच्याला त्याचं वाद्यही सोडायला लावलं नाही. तबल्याच्या क्लासला कंटाळलेल्या आणि गॅरेजमध्ये ड्रम बडवणाऱ्या मुलापुढे ठेवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

आता ऐकायचं कसं? माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी ‘अ मेड इन बेडलम’, रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत. मग ‘मॅजिक कार्पेट’. ‘हम दोनों’ रात्री, दिवे मालवून. ‘सूट’ला दोन संधी द्या. ‘जॅझ मीट्स इंडिया’ सर्वांत शेवटी, आणि शक्यतो घरातल्या तरुण मंडळींबरोबर. पाचही तबकड्या पुढे पुन्हा निघाल्या आहेत, थोडं शोधलं तर मिळतात.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या कार्यक्रमांत निवेदक गायकाची ओळख दहा मिनिटं करून देतो आणि ‘तबल्याला अमुक, पेटीला तमुक’ हे पडदा सरकता सरकता उरकतो. इथून पुढे साथीदारांची नावं आधी घ्यावीत, पूर्ण घ्यावीत आणि अहवालात शुद्ध छापावीत. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती शोधत येणार आहे.