इकेबानाची कसोटी पाण्यापाशी

इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, प्रदर्शनात आज आधी डोळ्यांत भरतो तो आकार. रंगवलेल्या फांद्या, लोखंडी सळ्या, छताला भिडणारे बांबू. माझी नजर मात्र देठ पाण्यातून वर येतात त्या जागेकडे जाते. जपानी जाणकार तिला ‘मिझुगिवा’ म्हणतात. तिथे गचपण दिसलं, की वरचा डौल उसना वाटू लागतो.

क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरात वाढलेल्या इकेनोबो घराण्यातल्या सेन्नो यांनी 16व्या शतकातच बजावलं होतं, की फुलाच्या देखणेपणावर थांबू नका. रानात आणि पाणवठ्यावर वनस्पती कशी जगते ते रचनेत उतरू द्या. म्हणून या परंपरेत किडीने खाल्लेल्या पानालाही मान आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी पसरट, उथळ भांड्यातली ‘मोरिबाना’ रुजवली. परदेशांतून आलेल्या नव्या फुलांना तिथे जागा मिळाली आणि मोकळं पाणीही रचनेचा भाग झालं. 1927 मध्ये तेशिगाहारा सोफू यांनी सोगेत्सु शाळा स्थापून कुणीही, कुठेही, कुठल्याही साहित्यातून रचना करावी अशी मुभा दिली. त्यांचे चित्रपट दिग्दर्शक पुत्र हिरोशी यांनी बांबूंची भव्य शिल्पं उभारली.

या मुभेने कलेला नवा श्वास दिला, यात शंका नाही. पण तिच्या आडून साधनेला बगल दिली जाते, तिथे माझा विरोध आहे. वेलीचंच पाहा. तिचा पीळ आणि ओढ ओळखून, नको ती पानं काढून तिला भांड्याच्या काठावरून सोडावं लागतं. तारेने वाकवलेली वेल लगेच चुगली करते. शिवाय रचना आता छायाचित्रासाठी, एकाच बाजूने सजते. कळी उमलणं, पान झुकणं, पाणी बदलणं हा तिचा पुढचा प्रवास कुणी पाहतच नाही.

जपानी घरांतून तोकोनोमा हा फुलांचा कोनाडा कमी होतो आहे, तर प्लास्टिकच्या फोमला कंटाळलेले पाश्चात्त्य पुष्परचनाकार केंझानकडे, म्हणजे आपल्या पिन होल्डरकडे, वळत आहेत. त्यांचं हे वळणं स्वागतार्हच आहे. मात्र साधन उचलताना छाटणीचा संयम मागेच राहिला, तर हाती फक्त नवी फॅशन उरेल.

पुण्या-मुंबईतही इकेबानाचे वर्ग चालतात. तिथे महागड्या ऑर्किडआधी कर्दळीची, हळदीची पानं आणि कुंपणावरची मधुमालती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. इकेनोबोत हारान या रुंद पानांच्या झाडाच्या नुसत्या पानांवर हात बसवण्याची रीत आहेच. प्रदर्शनांनीही एखादी रचना अखेरच्या दिवसापर्यंत न बदलता ठेवावी. कोमेजताना जिचा तोल टिकतो, ती रचना नीट बांधलेली असते. परीक्षकांनी गुण द्यावेत ते याला.