करिंथची पंगत आणि पंक्तिप्रपंच

बुऱ्हाणपुरात एकत्र जेवणाचा विषय निघाला की आपण लगेच समतेवर येतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडकडे जाताना इथे थांबले होते. त्यांच्या आठवणीच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. दर्गा-ए-हकीमीला येणारे बोहरा यात्रेकरू एका थाळाभोवती बसतात. आमच्या राजपुऱ्यात भंडाऱ्याच्या पंगती उठतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘पहिल्या ख्रिस्ती लोकांतही असंच होतं, सगळे एका पंगतीला!’ मला हे अर्धंच पटतं. कारण त्या प्रभुभोजनाचं आपल्यापर्यंत आलेलं सर्वांत जुनं लेखी वर्णन म्हणजे एक तक्रार आहे.

इसवी सन ५४ च्या सुमारास पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या अकराव्या अध्यायात तो सांगतो, की जमल्यावर जो तो आपलंच जेवण उरकतो. एकजण उपाशी राहतो, दुसऱ्याला मद्य चढतं आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना खाली मान घालावी लागते. मराठीत याला नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच.

१९७० च्या दशकात जर्मन अभ्यासक गर्ड थाइसन यांनी या भांडणाचं मूळ धर्ममतात न शोधता मिळकतीच्या फरकात शोधलं. ही दिशा मला योग्य वाटते. पुढे जेरोम मर्फी-ओकॉनर यांनी करिंथजवळच्या अनाप्लोगा इथल्या हवेलीची मापं घेऊन चित्र रंगवलं: भोजनदालनात यजमानाचे नऊ-दहा मित्र लवंडलेले, बाकीचे बाहेरच्या चौकात दाटीवाटीने. चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, म्हणूनच जपून घ्यावं. पौल दालनाबद्दल किंवा चौकाबद्दल काहीच बोलत नाही. मंडळी त्याच घरात जमत असे, याला पुरावा नाही. भूक आणि अपमान मात्र पत्रातच आहेत. त्यासाठी हवेली लागत नाही.

खरी मेख पौलाच्या उपायात आहे. तो सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मूळ ग्रीक क्रियापदाचा ‘एकमेकांचं स्वागत करा’ असाही अर्थ काही अभ्यासक लावतात. दोन्हींत फरक मोठा आहे. थांबून शेवटी ज्याने त्याने आपलाच डबा उघडला, तर उपाशी माणूस उपाशीच. स्वागत म्हटलं की वाढणं आलं.

पण लगेच पुढे पौल म्हणतो, भूक लागली असेल त्याने घरी खावं. हा सल्ला कुणाला? ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याला! गुलामाला, हमालाला त्याचा काय उपयोग? पौलाने गरिबाचा चारचौघांतला अपमान थांबवायचा प्रयत्न केला, हे मान्य. विषमता मात्र त्याने पंगतीतून उठवून घरी पाठवली, असं माझं मत आहे.

शंभर वर्षांनी, साधारण १५५ मध्ये, रोममधला जस्टिन रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. त्यात भाकर आणि द्राक्षारस आहे, आणि ऐपतदारांनी दिलेला निधीही आहे. तो अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी खर्च होई. मदत खरी होती. पण पोटभर जेवण त्या वर्णनात दिसत नाही. देणारा आणि घेणारा एका पानावर यायची गरजच उरली नव्हती.

लंगराची रीत इथे वेगळी पडते. तिथे जेवण उपासनेतून बाजूला काढलं नाही. बसायची जागा सारखी केली. धान्य कुणी दिलं, हे रांगेकडे पाहून कळत नाही. म्हणून ‘सगळे एकत्र जेवले’ एवढ्या नोंदीवर आपण इतिहासवाल्यांनी खूश होऊ नये. आधी कोण बसलं, उशिरा कोण आलं आणि त्याच्यासाठी भांड्यात काय उरलं होतं, हेही विचारावं.