अवरक्त संवेदकांचे मूल्यमापन : काही आक्षेप

अवरक्त संवेदक-सरणीची चर्चा करताना आपल्याकडे पिक्सेलची संख्या आणि क्वांटम कार्यक्षमता यांवरच बहुधा भर दिला जातो. ‘नॉइज’साठी ‘गोंगाट’ हा शब्द योजून विषय आटोपला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. गोंगाट दार लावले की थांबतो. फोटॉन-नॉइज मात्र प्रकाशाच्या स्वरूपातच आहे : सरासरी 10,000 फोटॉन मोजले, तर सुमारे 100 चा चढउतार राहणारच, मग उपकरण कितीही निर्दोष असो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिरकॅम-2’ हा कॅमेरा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातील इंडियम अँटिमोनाइडची 512 × 512 पिक्सेलची सरणी सुमारे 35 केल्विनपर्यंत थंड केली जाते. प्रथम गिरवली येथील आयुकाच्या 2 मीटर दुर्बिणीवर आणि पुढे नैनितालजवळील देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीवर त्याचा वापर झाला. देवस्थळ येथील 2018 च्या मूल्यमापनानुसार ‘के’ पट्ट्यात तो 18.0 प्रतीपर्यंतचे तारे टिपतो; 3.6 मायक्रॉनजवळच्या अरुंद पट्ट्यात मात्र मर्यादा सुमारे 9.2 प्रत इतकीच. हे अंतर तीन हजार पटींहून अधिक आहे. उद्भासन-काळ व पट्ट्यांची रुंदी भिन्न असल्याने तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरीही संवेदक तोच, आरसा तोच. बदलली ती पार्श्वभूमी. उबदार आकाश आणि खुद्द दुर्बीण तेथे प्रकाशतात, पिक्सेल क्षणार्धात भरतात. वाचन-नॉइज आणखी घटवून तेथे फारसे काही साधत नाही. मंद प्रकाशाच्या वर्णपटमापनात मात्र तोच निर्णायक ठरतो आणि सरणी अनेकवार वाचून सरासरी घेण्याचा खटाटोप सार्थकी लागतो.

हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तापमान 300 केल्विन धरले, तर भिंती, टेबल आणि अध्यापकही 10 मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण करतात! अशा ठिकाणी अनुदानातून औष्णिक कॅमेरा घेताना माहितीपत्रकातील ‘50 मिलीकेल्विन’ हा आकडा पाहून निर्णय होतो. तो आकडा बहुधा एफ/1 भिंगासाठी असतो, एफ/1.4 चे भिंग बसवले की संवेदनक्षमता जवळपास निम्मी होते. निविदेत भिंगाचा एफ-अंक, लक्ष्याचे तापमान आणि चित्रगती यांचे रकाने नसतील, तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.