स्ट्रेंथ सत्तर, क्वालिटी शून्य

घरच्या टीव्हीची डिश छत्री स्वतः लावणाऱ्याचं काम चांगलं की कामचलाऊ, हे टीव्हीवरच्या चित्रावरून कळत नाही. सिग्नल डिजिटल असतो. जेमतेम पकडला तरी चित्र तितकंच स्वच्छ दिसतं. पारख करायची तर गच्चीवर जाऊन छत्रीच बघावी लागते.

डीडी फ्री डिशचं उदाहरण घेऊ. तिचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, सुमात्राच्या पश्चिमेच्या समुद्रावर ठाण मांडून आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजल्यास सुमारे 132 अंशांवर आणि क्षितिजापासून 59 अंश वर येतो. नागपुरात हेच आकडे 144 आणि 60 च्या आसपास जातात. म्हणजे नीट लागलेल्या छत्रीच्या कोनांत त्या गावाचे अक्षांश-रेखांश उतरलेले असतात. पुण्याची छत्री कोन न बदलता नागपूरला नेली तर ती रिकाम्या आकाशाकडे बघत बसेल.

जाणकार सर्वांत आधी छत्रीचा पोल बघतो. ओळंबा एका बाजूने धरून भागत नाही. काटकोनातल्या दुसऱ्या बाजूनेही धरावा लागतो. पोल कलता असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलते, आणि मग एक कोन जुळवावा तर दुसरा सुटतो. फोनमधलं होकायंत्रही पोलपासून चार पावलं दूर उभं राहून वाचावं. लोखंडाजवळ ते फसतं.

या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे छत्रीची नजर. ती जिकडे तोंड करून उभी दिसते, तिकडे ती बघतच नाही. घरगुती छत्री ऑफसेट जातीची असते, म्हणजे मोठ्या परवलयाचा बाजूचा एक तुकडा. त्यामुळे तिची खरी नजर दिसण्यापेक्षा सुमारे 25 अंश वर असते. उपग्रह 59 अंशांवर असला तरी छत्री जेमतेम 34 अंश कललेली दिसते. नवखा माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून तिला आकाशाकडे आणखी उताणी करतो आणि सिग्नल शोधत बसतो. क्लॅम्पवरच्या पट्टीवरचे अंश याच हिशेबाने छापलेले असतात. छत्री अशी उभट असल्यामुळे तिच्यात पाणी साचत नाही, आणि ती बाजूचा तुकडा असल्यामुळे दांडीवरच्या एलएनबीची, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डबीची, सावलीही सिग्नलच्या वाटेत येत नाही.

तिसरा कोन एलएनबीचा. लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रतलांत येतात; सेट टॉप बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून त्यांतलं एक निवडतो. आपल्या दृष्टीने उपग्रह आग्नेयेला असल्याने त्याचं 'आडवं' आपल्याला तिरकं दिसतं, म्हणून एलएनबीही आपल्या खोबणीत तितकीच फिरवून घ्यावी लागते. बरेच जण हा कोन सोडून देतात, कारण त्याच्याशिवायही बरेच चॅनल लागतात.

मग येतो पडद्यावरच्या दोन पट्ट्यांचा खेळ. स्ट्रेंथ सत्तर आणि क्वालिटी शून्य, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेलं असतं. स्ट्रेंथला भुलू नये. एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्या पट्टीत मोजला जातो. शिवाय 95 अंशांवर, फक्त दीड अंश पलीकडे, दुसऱ्या डीटीएच सेवेचे उपग्रह आहेत. त्यांच्यावर छत्री लागली तरी स्ट्रेंथ भरघोस दिसते. क्वालिटी मात्र आपलाच उपग्रह सापडल्यावर उठते, तीही सेकंद-दोन सेकंद उशिरा. म्हणून छत्री किंचित सरकवायची, थांबायचं, मग पुन्हा सरकवायची. उतावळ्या हाताखालून उपग्रह निघून जातो आणि पट्टीला त्याचा पत्ताही लागत नाही.

समोरचं झाड आड येतं का, हे सूर्यच दाखवतो. पुण्याच्या आसपास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागून जातो. काही मिनिटं त्याच्या गोंगाटाने प्रक्षेपण बिघडतं. त्या वेळी छत्रीवर फांदीची सावली पडली असेल, तर उपग्रहही त्याच फांदीमागे आहे.

शेवटी बोल्ट आवळणं. चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच बोल्ट एकदम पिळला की छत्री अंशभर सरकते. आवळल्यावरही क्वालिटीचा आकडा उतरला नाही, तर दाद द्यावी. मे महिन्यात क्वालिटी पंचावन्न काय आणि सत्तर काय, बातम्या सारख्याच दिसतात. पण या सिग्नलच्या केयू बँडमधल्या लहरी पावसात शोषल्या जातात. जुलैत पंचावन्नवाल्याचा पडदा पहिल्या मोठ्या सरीला गोठतो. ज्याने एलएनबी फिरवायचा कंटाळा केला नाही, त्याच्या घरी मालिका पुढे चालू राहते.