चाचपडत लिहिलेली थंडी

काडी पेटत नाही. डबी पत्र्याची, बाहेरच्या गारठ्यातून तंबूत आणलेली. आत येताच श्वासाची वाफ तिच्यावर बसते आणि तिथेच गोठते. दुसरी डबी उघडायची, मग तिसरी. बोटं बधिर, तंबूत मिट्ट काळोख. चौथ्या किंवा पाचव्या डबीतली एखादी काडी कधीतरी पेट घेते, तेव्हा कुठे स्टोव्ह पेटतो आणि दिवस सुरू होतो.

साहसाच्या पुस्तकांतली शिखरं आणि वादळं मी पुष्कळ वाचली, पण मनात घर करून राहिली ती ही काडी. ॲप्सली चेरी-गॅरार्डच्या ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ या १९२२ साली आलेल्या पुस्तकातली. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेचं हे वर्णन, म्हणून नावातला तो ‘सर्वांत वाईट प्रवास’ म्हणजे स्कॉटचा ध्रुवावरून परतीचा, अखेरचा प्रवास असणार असं पुस्तक हातात घेताना वाटतं. प्रत्यक्षात ते नाव येतं पुस्तकातल्या एका प्रकरणातल्या प्रवासावरून. २७ जून ते १ ऑगस्ट १९११, अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत, तीन माणसं मोहिमेच्या तळावरून, केप इव्हान्सहून, केप क्रोझियरला गेली आणि परत आली. एका बाजूचं अंतर सुमारे १०८ किलोमीटर. कशासाठी? पेंग्विनची अंडी आणायला.

कारण सांगायला हवं, नाहीतर सगळा वेडेपणा वाटेल. एम्परर पेंग्विन भर हिवाळ्यात अंडी घालतो आणि तेव्हा त्याची एकच वसाहत माणसाला माहीत होती, ती केप क्रोझियरची. भ्रूण वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्था पुन्हा जगतो, असं त्या काळचे बरेच शास्त्रज्ञ मानत. पेंग्विन हा फार आदिम पक्षी, असाही समज होता. तेव्हा त्याचा कोवळा भ्रूण मिळाला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे खवले आणि पक्ष्यांची पिसं यांच्यातला दुवा सापडेल, ही एडवर्ड विल्सनची आशा. विल्सन डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि फार सुंदर चित्रं काढणारा. दुसरा हेन्री बॉवर्स, रॉयल इंडियन मरीनमधला अधिकारी, बुटका, दणकट, कशानेही न खचणारा. तिसरा चेरी, वय २५. मोहिमेत घ्यायला आधी नकार मिळाला, तरी देऊ केलेले हजार पौंड त्याने मागे घेतले नाहीत. मग त्याला घेतलं.

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. या प्रवासात तो उणे ६० अंश सेल्सियसच्याही खाली गेला. पण हा आकडा वाचून अंगावर काटा येत नाही. तो नुसता आकडाच राहतो. चेरीला हे पक्कं ठाऊक आहे, आणि मला वाटतं त्याच्या लेखणीचं खरं बळ इथेच आहे. थंडी किती होती हे सांगताना तो विशेषणांच्या वाटेला फारसा जात नाही. वेळ सांगतो. सकाळी उठल्यापासून सामानाची गाडी ओढायचे पट्टे अंगावर चढेपर्यंत चार तास. रात्री दगडासारख्या कडक झालेल्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं तर आधी पाय घुसवायचे, तेवढा भाग अंगाच्या उबेने मऊ होईपर्यंत थांबायचं, मग आणखी थोडं आत. एकदा तो तंबूबाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला त्याने मान वर केली. पंधरा सेकंदांत कपडे होते तसे गोठले आणि पुढचे चार तास त्याला वर केलेल्या मानेनेच गाडी ओढावी लागली. त्यानंतर तिघंही बाहेर पडताच आधी वाकायचे, गोठायचंच तर ओढण्याच्या पवित्र्यात गोठावं म्हणून. हे एवढं वाचल्यावर थर्मामीटर हवा कशाला?

पुढे स्लेज. दोन गाड्या, ओझं सुमारे ३४० किलो. बर्फ वाळूसारखं रखरखीत झालेलं, त्यामुळे दोन्ही गाड्या एकदम ओढवेनात. मग एक पुढे न्यायची, मागे यायचं, दुसरी आणायची. म्हणजे एक मैल सरकायला तीन मैल चाल. एखाद्या अख्ख्या दिवसाची कमाई जेमतेम अडीच किलोमीटर. चेरी हे सांगतानाही घाई करत नाही. एका वाक्यात दोन दिवस उरकून टाकले असते तर वाचकाची सुटका झाली असती, पण ती सुटका तो देत नाही. मागे जा, दुसरी गाडी आण, पुन्हा मागे जा. वाचणाऱ्याचेही खांदे भरून येतात.

आता एक गोष्ट, जी वाचताना सहज निसटते. चेरीला लांबचं नीट दिसत नसे. चष्म्याशिवाय त्याचं पानही हलत नसे, आणि इथे चष्मा लावला की श्वास काचांवर गोठून बसे. म्हणजे काळोखात, उघड्या अधू डोळ्यांनी तो चालत होता. विल्सन आणि बॉवर्स यांना जी भेग अंधुक का होईना दिसायची, तिच्यात हा थेट पडायचा. असा माणूस लिहायला बसला, तेव्हा त्याने न बघितलेली दृश्यं कल्पनेने रंगवली नाहीत. या प्रकरणात दृश्य कमी आणि स्पर्श जास्त आहे: पायाखाली बर्फाचा पापुद्रा कसा खचला, दोरी बोटांना कशी लागली, बोटांवरच्या फोडांतलं पाणीसुद्धा कसं गोठलं. आणि आवाज. पेंग्विनची वसाहत आधी त्यांच्या कानांवर आली. उंच बर्फकड्यांवर आपटून येणारी एम्पररची हाक ऐकू आली, पण खाली उतरायची वाट मिळेना, उजेड संपला, आणि हात हलवत परत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या भिंतीतल्या एका बिळासारख्या भोकातून सरपटत ते खाली पोहोचले. अंधारात चाचपडणारा माणूस जसं जग ओळखतो, तशी ही सगळी भाषा आहे. म्हणूनच ती शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

वसाहतीतलं एक चित्र मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. हजार-दोन हजार पक्षी असतील अशी अपेक्षा होती. होते जेमतेम शंभर. अंडी त्याहून कमी. ज्या पक्ष्यांना अंडं नव्हतं, त्यांतले काही पायांवर बर्फाचे गोल गोळे घेऊन उबवत बसले होते. पाठीवर वारा, पोटाशी बर्फ. चेरी इथे थांबतो, पण थोडाच. त्या पक्ष्यांपर्यंत पोहोचलेली तीन माणसं कशासाठी आली आहेत, हे आपल्या मनात आपोआप येतं, आणि ते तो आपल्यावरच सोडतो. मोठा लेखक कुठे गप्प बसतो ते पाहावं.

त्यांनी पाच अंडी उचलली. दोन चेरीच्या हातमोज्यांत होती, दोरीने गळ्यात अडकवलेली. न दिसल्यामुळे तो धडपडला आणि दोन्ही फुटली. उरली तीन.

मग वादळ. टेरर पर्वताच्या उतारावर दगड रचून त्यांनी एक खोपटं बांधलं होतं, वर कॅनव्हासचं छत. शेजारी तंबू. २२ जुलैला वारा सुटला आणि तंबू उडून गेला. मग छताच्या फडफडून फडफडून चिंध्या झाल्या. तिघं आपापल्या बॅगांत, वर बर्फ साचतंय, आणि तंबूशिवाय परत जाणं म्हणजे मरण, हे तिघांनाही कळलेलं. दुसऱ्या दिवशी विल्सनचा ३९ वा वाढदिवस होता. त्यांनी प्रार्थनागीतं म्हटली. चेरीला त्या अवस्थेत आठवलं काय, तर डब्यातले पाकातले पीच. इतकं खरं वाक्य कल्पनेतून लिहिता येत नाही. मरणापाशी पोहोचलेल्या माणसाच्या तोंडी थोर विचार घालण्याचा मोह प्रत्येक साहसलेखकाला होतो. चेरी तिथे पीच ठेवतो आणि माणूस उभा करतो.

याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट करतो, जिच्यासाठी मला तो फार आवडतो. स्वतःचं कथन थांबवून बॉवर्सच्या लिखाणाला वाट देतो. अधूनमधून बाजूला पडलेल्या विल्सनला धपका मारायचा आणि तो हलला म्हणजे जिवंत आहे असं समजायचं, हे आपल्याला बॉवर्सकडून कळतं. अख्ख्या पुस्तकात त्याने सोबत्यांच्या रोजनिशा अशाच मोकळ्या हाताने दिल्या आहेत. वारा ओसरल्यावर तंबू सापडला, उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ धड. त्यानंतर बॉवर्स तंबूच्या टोकाला बांधलेली दोरी स्वतःला अडकवून झोपू लागला: आता गेला तर मलाही घेऊन जाईल.

परतीची वाट अधिकच हलाखीची. बॉवर्सजवळ पिसांचं एक आतलं अस्तर कोरडं राहिलं होतं, त्याने ते वापरलंच नव्हतं. तो ते चेरीला देऊ करत राहिला. चेरीने आधी नाही म्हटलं, मग घेतलं, आणि घेताना स्वतःची किती लाज वाटली तेही लिहिलं. बाकी या पाच आठवड्यांत कुणी कुणावर डाफरल्याचं कुठे दिसत नाही. ‘कृपया’ आणि ‘आभार’ हे शब्द शेवटपर्यंत सुटले नाहीत. दातांवर दात आपटून ते तुटायची वेळ आलेली असताना सभ्यपणाने बोलणं म्हणजे काय, हे चेरी समजावत बसत नाही. केप इव्हान्सला परतल्यावर बॅगा तोलल्या, तेव्हा चेरीची आठ किलोची बॅग वीस किलोंची भरली होती. वाढलेलं सगळं वजन त्याच्याच घामाचं आणि श्वासाचं.

पुस्तक सगळीकडे याच ताकदीचं नाही, हेही म्हणायला हवं. जहाजावरचे दिवस आणि डेपो लावण्याचे तपशील सैल आहेत, काही पानं तर नुसती नोंदवही. पण हिवाळ्याच्या प्रकरणाला जी आच आहे, तिचं कारण त्याच्या बाहेर आहे. मार्च १९१२ मध्ये चेरी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन वन टन या साठ्याच्या डेपोवर, विल्सन आणि बॉवर्ससह ध्रुवाहून परतणाऱ्या स्कॉटची वाट बघत थांबला होता. वादळं, कुत्र्यांना खायला काही नाही, हातातले हुकूम वेगळे. १० मार्चला तो परतला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स तेव्हा जिवंत होते, आणि त्यांचा शेवटचा तळ डेपोपासून जेमतेम १८ किलोमीटरवर पडला. १२ नोव्हेंबर १९१२ ला ज्या तुकडीला त्यांचा तंबू सापडला, तिच्यात चेरी होता. आत स्कॉटच्या एका बाजूला विल्सन, दुसऱ्या बाजूला बॉवर्स, बॅगा मिटून झोपल्यासारखे. सव्वा वर्षापूर्वी उडालेल्या छताखाली तो ज्यांच्या बरोबर गात होता, तेच हे दोघं. हे सगळं माहीत असूनच त्याने ती काडी, ती दोरी आणि ते पिसांचं अस्तर लिहिलं. स्वतःला दोष देत तो पुढे जन्मभर जळत राहिला, पण प्रकरणात त्या दोघांच्या मरणाचा आधार घेऊन एकही वाक्य भारी केलेलं नाही.

१९१३ साली चेरी तीन अंडी घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दारात गेला. हा प्रसंग त्याने नाटकासारखा, संवादांत लिहिला आहे. तिथल्या अधिकाऱ्याने अंडी घेतली. आभार नाहीत, विचारपूस नाही. चेरीने पावती मागितली. बाहेर थांबा, असं उत्तर मिळालं. तो व्हरांड्यात बसून राहिला. लोक येत होते, जात होते, तुम्ही कोण, कशाला थांबलात, असं विचारत होते. तो उठला नाही. तीन अंडी तिघांनी आणलेली होती आणि त्यातला तोच एक उरला होता. पावती हातात पडेपर्यंत तो तिथून हलणार नव्हता.